रिसॉर्टची मेंबरशिप आणि गटाची बचत

(तेलगाव येथे झालेल्या प्रभागसंघाच्या मासिक सभेत कोषाध्यक्षांनी केलेलं भाषण. ज्या ताई ऊसतोडीला गेल्यामुळे किंवा इतर कारणानं येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी मजकूर छापत आहोत.)



आज खरं तर कर्जफेडीचा विषय पहिला होता. पण सकाळपासून जिच्या तिच्या तोंडी रिसॉर्टच आहे, म्हणून अध्यक्षताईंनी मला आधी बोलायला सांगितलं. तीन गटांच्या सभेत ते रंगीत पत्रक फिरलंय. एका गटानं तर प्रोसिडिंगला लिहूनही ठेवलंय की गटाच्या बचतीतून सामाईक मेंबरशिप घ्यावी का, हे प्रभागसंघाला विचारावं. आधी विचारलं, पैसे नंतर, हे फार बरं केलं.

पत्रक मी वाचलंय. मागचं बारीक अक्षरसुद्धा, चष्मा लावून. पुण्या-मुंबईकडच्या एका मोठ्या थीम पार्कशेजारी नवा रिसॉर्ट होणार आहे, असं त्यात लिहिलंय. "होणार आहे" म्हणजे अजून झालेला नाही. आत्ताच मेंबर व्हा, हप्त्यानं पैसे भरा, दरवर्षी सात रात्री राहा. आणि राहायचं नसेल तर मुदत संपल्यावर "वाढीव रक्कम" परत घ्या. वर आणखी दहा मेंबर आणले तर कमिशन. पत्रकावर पाळण्याचा आणि पोहायच्या तलावाचा फोटो आहे. पार्कचा फोटो छापला म्हणून पार्कवाले यात आहेत असं समजू नका. फोटो कुणीही छापतं.

यावर आपल्याच ताईंची मतं मी ऐकली. एक ताई म्हणाली, "आपल्या लेकरांनी कधी बघावं हे? शहरातल्यांनीच बघावं का?" दुसरी म्हणाली, रिसॉर्ट झाला तर पोरांना नोकऱ्या लागतील, आपल्या चटण्या-पापडाला गिऱ्हाईक मिळंल. आणि एक मावशी म्हणाल्या, "राह्यला बी मिळतंय अन् पैसे बी वाढून येतेत, मंग वाईट काय हाय?"

नोकरीचं आधी उरकते. रिसॉर्ट आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. तिथं नोकऱ्या निघाल्या तर त्या आधी तिथल्या पोरांना. आणि आपल्या पोराला तिथं नोकरी करायचीच असेल, तर त्यासाठी आईनं मेंबर व्हायची गरज नाही, अर्ज करावा लागतो. चटणीचं म्हणाल तर ज्याला माल विकायचा त्याच्याकडून आपण पैसे घेतो, त्याला देत नाही.

आता मावशींचा प्रश्न. तो खरा प्रश्न आहे.

या पद्धतीला टाइमशेअर म्हणतात. आपल्याला ती नवी नाही. एका विहिरीवर चार भावांच्या पाळ्या असतात ना? सोमवार-मंगळवार थोरल्याची मोटार, बुधवार-गुरुवार मधल्याची. तसं एका खोलीवर बावन्न आठवड्यांच्या पाळ्या. तुम्ही एका आठवड्याची पाळी विकत घेता, वीस-पंचवीस वर्षांसाठी. युरोपात 1960 च्या दशकात हे सुरू झालं. आपल्या देशात स्टर्लिंग ही कंपनी 1986 मध्ये आणि क्लब महिंद्रा 1996 मध्ये निघाली. या धंद्यात रीतसर चालणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांची रिसॉर्टं उभी आहेत, लोक जाऊन राहतात. टाइमशेअर म्हणजे सरसकट फसवणूक, असं मी म्हणणार नाही.

पण विहिरीची पाळी आणि ही पाळी यात फरक आहे. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर असते. भावानं पाळी नाकारली तर तलाठ्याकडं जाता येतं, चार माणसं बसवता येतात. खोलीच्या पाळीत जमीन तुमची नाही, भिंत तुमची नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. तुमच्या हातात असतं ते वापरायच्या हक्काचं कागद. कंपनी नीट चालली तर त्या कागदाला किंमत.

दुसरं, पाळी कधी मिळणार? या धंद्यात वर्षाचे भाग पाडलेले असतात. गर्दीचा हंगाम महाग, रिकामा हंगाम स्वस्त. क्लब महिंद्रानं तर हंगामांना रंग दिलेत, जांभळा, लाल, पांढरा, निळा. जांभळा सगळ्यात महाग. आता आपलं वर्ष बघा. आपल्यातल्या कितीतरी जणी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात. मृगात पेरणी. लेकरांची शाळा सुटते ती मे महिन्यात, म्हणजे मोकळीक मिळाली तर तेवढीच. आणि मे महिना म्हणजे सगळ्या देशाच्या सुट्टीचा, सगळ्यात महाग महिना. स्वस्तातली मेंबरशिप घेतली तर बोलावणं येणार भर पावसाळ्यात, शेतात खुरपणी चालू असताना.

तिसरं, देखभालीचा खर्च. मेंबर झाल्यावर पैसे संपत नाहीत. दरवर्षी देखभालीची वर्गणी भरावी लागते. तुम्ही गेलात तरी, नाही गेलात तरी. आणि ती वाढत जाते. जेवण वेगळं, जाण्या-येण्याचं भाडं वेगळं, पार्कचं तिकीट तर वेगळंच.

एक हिशेब मांडते. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. वहीत लिहून घ्या. समजा मेंबरशिप 3 लाखांची, 25 वर्षांसाठी, वर्षाला 7 रात्री. देखभाल वर्षाला 15 हजार. कंपनीचा माणूस कसा सांगतो? 3 लाख भागिले 25, म्हणजे वर्षाला फक्त 12 हजार! सात रात्रींना भागलं तर रात्रीला फक्त सतराशे चौदा रुपये ताई!

आता आपला हिशेब. ते 3 लाख बँकेत मुदत ठेवीला टाकले आणि 7 टक्के व्याज धरलं, तर वर्षाला 21 हजार व्याज. म्हणजे मेंबरशिप घेतल्यानं दरवर्षी हे 21 हजार बुडाले आणि देखभालीचे 15 हजार गेले. झाले 36 हजार. सातनं भागा. एक रात्र 5 हजार 143 रुपयांना पडली, अजून पोटात घास नाही. आणि जिनं ठेव ठेवली, तिनं नुसत्या व्याजावर दरवर्षी रात्रीला 3 हजारांची खोली घेऊन सात रात्री मजा केली तरी तिचे 3 लाख 25 वर्षांनी जागेवर. व्याजदर खाली-वर होतात, मान्य आहे. खोल्यांचे भाव वाढतात, तेही मान्य. पण वर्गणी पण वाढते.

हे झालं सरळ धंद्याचं. श्रीमंत माणसाला दरवर्षी हटकून फिरायचंच असेल तर त्यानं खुशाल घ्यावं. पण 25 वर्षं ही फार मोठी मुदत असते हो. थीम पार्कांचंच बघा. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं. टीव्हीवरच्या जाहिरातीतलं गाणं आपल्या सगळ्यांना पाठ होतं, जायला मिळालं नाही ती गोष्ट वेगळी. 2022 मध्ये ते बंद झालं. खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. नुसतं उभं करायलाच दीड हजार कोटींच्या वर लागले, 2015 मध्ये शेजारी मोठं हॉटेलही झालं. पण कर्जाचा बोजा पेलला नाही आणि 2022 मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं गेलं. पार्क चालू आहे, चांगलं चाललंय, पण नऊ वर्षांत मालक बदलला. पार्कच्या शेजारी म्हणून जो रिसॉर्ट विकायला निघालाय, त्याची किंमत त्या पार्कवर आणि ज्या कंपनीनं कागद दिला तिच्यावर. आज तिसरीत असलेली पोरगी 25 वर्षांनी स्वतः आई झालेली असेल. तेव्हा तो पार्क, ती कंपनी, तो एजंट, यातलं कोण जागेवर असेल?

आता त्या पत्रकातली खरी मेख. "राहायचं नसेल तर वाढीव रक्कम परत."

बायांनो, खोलीची पाळी विकणाऱ्यानं खोली द्यावी. तो जेव्हा म्हणतो, खोली वापरूच नका, पैसे वाढवून देतो, तेव्हा तो खोली विकत नाही. तो ठेव गोळा करतोय. आणि ठेव गोळा करायची तर त्याला परवानगी लागते.

हे मी मनानं सांगत नाही. पॅनकार्ड क्लब्स नावाची मुंबईची कंपनी होती. पॅनकार्ड म्हणजे आपलं आयकराचं कार्ड नव्हे, नाव तसं होतं. नावामुळं कितीतरी लोकांना ती सरकारी वाटली असेल, कुणास ठाऊक. ती कंपनी "रूम नाइट्स" विकायची, म्हणजे हॉटेलातल्या रात्री. पैसे भरा, रात्री तुमच्या नावावर जमा. नाही राहिलात तर मुदतीच्या शेवटी त्या रात्री परत करा आणि जास्तीचे पैसे घ्या. पत्रकाशी जुळतंय का बघा. कंपनीची हॉटेलं खरोखर होती, फोटो खोटे नव्हते. महाराष्ट्रात गावोगाव तिचे एजंट होते.

सेबी म्हणजे शेअर बाजार आणि गुंतवणुकीच्या योजनांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. तिनं 2014 मध्ये या कंपनीला नवे पैसे घ्यायला मनाई केली. 2016 च्या फेब्रुवारीत अंतिम आदेश दिला. नाव काहीही द्या, ही सामूहिक गुंतवणूक योजनाच आहे, सेबीकडं नोंदणी केलेली नाही, लोकांचे पैसे तीन महिन्यांत परत करा. आकडा होता 7 हजार 35 कोटी रुपये. लोक होते 51 लाखांहून जास्त.

मी घरी बसून भागाकार केला. माणशी साडेतेरा हजारांच्या आसपास येतात. म्हणजे हे कोण लोक होते? विमानानं फिरणारे नव्हते. साडेतेरा हजार ही तुमची-माझी रक्कम आहे. एका शेळीची, दोन वर्षांच्या बचतीची, पोरीच्या फीची. रिसॉर्टच्या नावाखाली ज्यांनी पैसे भरले, त्यातल्या बहुतेकांना रिसॉर्टला जायचंच नव्हतं. त्यांना चार पैसे वाढवून पाहिजे होते.

पैसे तीन महिन्यांत परत आले का? अपिलं झाली, मालमत्तांवर जप्ती आली, लिलाव निघाले, 2022 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लोक मात्र पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपत बसले. ही एकटीच कंपनी नव्हती. रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स या दोन कंपन्याही सुट्टीच्या योजनांच्या नावानं पैसे घेत होत्या. सेबीनं त्यांच्यावर 2015 मध्ये आदेश काढले.

आपल्या बीड जिल्ह्याला तर बुडालेल्या ठेवीचं दुःख वेगळं सांगायला नको. 2023 मध्ये ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांसमोरच्या रांगा आपण डोळ्यांनी बघितल्यात. तिथं रिसॉर्ट नव्हता, जास्त व्याज होतं. एवढी एक माहिती मुद्दाम सांगते. बँकेतल्या ठेवीला माणशी, दर बँकेला, 5 लाखांपर्यंत विमा आहे. मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. रिसॉर्टच्या मेंबरशिपला तर नाहीच नाही.

आता कमिशनबद्दल. हे बोलताना मला जड जातंय, कारण दोघी-तिघींना विचारणा झालीय हे मला माहीत आहे, आणि त्या इथंच बसल्यात. त्यांना मी दोष देत नाही. घरात पैशाची ओढाताण असताना कुणी म्हटलं की ताई, तुमची एवढी ओळख आहे, नुसतं दहा जणींना सांगा, तर कुणाला मोह होणार नाही?

पण तो माणूस तुमच्याचकडं कामून आला, ते बघा. त्यानं गावात टेबल टाकलं असतं तर कुणी फिरकलं नसतं. त्याला माहीत आहे की गटातली बाई गटातल्या बाईवर विश्वास ठेवते. दर आठवड्याला पावसापाण्यात सतरंजीवर बसून, दहा-दहा रुपयांचा हिशेब वहीत मांडून, एकमेकींची कर्जं फेडून घेऊन आपण जो विश्वास उभा केला, तो त्याला आयता पाहिजे. आणि कंपनी बुडाली तर ती मुंबईत बुडते. बोंब तुमच्या दारात होते. पॅनकार्डच्या वेळी असंच झालं. कंपनीचे मालक लोकांनी कधी बघितले नव्हते, एजंट मात्र शेजारचा होता, भावकीतला होता.

कायदाही ऐकून ठेवा. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा 2019 मध्ये झालाय. जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं आश्वासन देऊन दुसऱ्याला अशा योजनेत ओढणारी कोणीही व्यक्ती त्यात सापडते. "मला कंपनीनं जे सांगितलं तेच मी सांगितलं" असं म्हणत चौकीत बसायची पाळी आपल्या एकाही ताईवर येऊ नये.

ज्यांच्या घरात कोयता आहे त्यांना उचल समजावून सांगायला नको. मुकादम आधी पैसे देतो, मग हंगामभर आपण ते अंगमेहनतीनं फेडतो. पैसे घेतलेला माणूस बांधला जातो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? आता गंमत बघा. रिसॉर्टवाल्याला आपण आधी पैसे देतो. म्हणजे उचल आपण दिली. मग बांधलं त्यानं जायला पाहिजे. पण करार वाचला तर बांधलेल्या आपणच. हप्ता चुकला तर दंड आपल्याला, वर्गणी थकली तर खोली बंद आपल्याला. उचल देऊनही आपणच बांधलेल्या, असा उफराटा व्यवहार मी तरी पहिल्यांदाच वाचला.

एवढं सांगितल्यावर कुणी म्हणेल, कोषाध्यक्षबाईंना बायांनी घराबाहेर पडलेलं नकोय. तसं अजिबात नाही. ज्या ताईनं विचारलं की आपल्या लेकरांनी कधी बघावं, तिचा प्रश्न मला रात्रभर टोचत होता. आपण बाहेर पडतो ते कोयत्यासाठी, दवाखान्यासाठी, मयतीसाठी, फार तर परळीला नाहीतर पंढरपूरला. नुसतं हसायला, पाण्यात खेळायला कधी गेलो? बाईनं फिरायला जावं, आणि स्वतःच्या पैशानं जावं.

त्याची सोय आपल्याच हातात आहे. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. बारा जणींच्या गटानं दरमहा प्रत्येकी 100 रुपये वेगळे काढले तर वर्षाला 14 हजार 400 होतात. हे बचतीत मिसळायचे नाहीत. वेगळं पान, वेगळा हिशेब, सहल निधी. एका वर्षी धारूरचा किल्ला बघा, अंबाजोगाईला जा, दोन वर्षांचे साठले तर वेरूळ. तीन वर्षांनी लेकरांना पार्कच दाखवायचा असेल तर तोही दाखवा. त्या दिवशीचं तिकीट त्या दिवशी काढायचं, पाळण्यात बसायचं, घरी यायचं. पंचवीस वर्षांचा करार कशाला? आमच्या गटानं या महिन्यापासून हे पान उघडलंय.

आता ज्या घरी पुण्यात-चाकणला कामाला असलेली पोरं आहेत, त्यांच्यासाठी एक. तिकडं पोरांना फोन येतात की तुमचा लकी ड्रॉ लागलाय, बायकोला घेऊन अमुक हॉटेलात या, भेटवस्तू घ्या. तिथं दोन-तीन तास बसवून घेतात आणि आजच सही केली तरच सवलत म्हणतात. पोरांना सांगा, ज्या सवलतीला घरी येऊन विचार करायची सवड नाही, ती सवलत घेऊ नका. करार घरी आणता येत नसेल तर सही करू नका.

विषय संपवते आणि ठराव मांडते. चर्चा त्यानंतर करू, ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर बोलावं.

ठराव असा. एक, प्रभागसंघाच्या कुठल्याही गटानं बचत, फिरता निधी किंवा बँक कर्जाचा पैसा कोणत्याही कंपनीच्या मेंबरशिपमध्ये टाकू नये. दोन, गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या सभेत बाहेरच्या माणसाला अशी योजना सांगू देऊ नये. सांगायचीच असेल तर कागद आधी प्रभागसंघाकडं द्यावा. तीन, प्रभागसंघाच्या पदाधिकारी, सीआरपी आणि सखी यांनी पदावर असताना अशा योजनांची एजन्सी घेऊ नये. तिसऱ्यावर वाद होईल हे मला माहीत आहे, म्हणून तो वेगळा मतदानाला ठेवावा.

आणि ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी लाजू नका, लपवू नका. पावती, करार, एजंटचा नंबर आणि पैसे ज्या खात्यावर पाठवले त्याची नोंद घेऊन येत्या मंगळवारी कार्यालयात या. पुढचा हप्ता तोवर भरू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथं आपण मिळून फोन लावू. बेकायदा ठेवींच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचं "सचेत" नावाचं पोर्टल आहे, त्यावर बँक सखी अर्ज भरून देतील. गरज पडली तर बीडला आर्थिक गुन्हे शाखेत जाऊ. एकटीला पाठवणार नाही, पाच-सहा जणी बरोबर येऊ.

अध्यक्षताई, पहिल्या ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदन कोण देतंय?